बाप्तिस्म्याला जाताना काय न्यावे, आणि ते का

पुण्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या जिवलग मैत्रिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा येत्या महिन्यात आहे. मैत्रीण वसईची कॅथलिक आहे आणि तिचे यजमान नगरच्या एका जुन्या प्रोटेस्टंट घराण्यातले आहेत. त्यानंतर पंधरा दिवसांनी ताईंच्या शेजारच्या मल्याळी ऑर्थोडॉक्स कुटुंबातही असाच समारंभ आहे. ताई आणि त्यांचे यजमान हिंदू आहेत. दोन्हीकडे काय भेट न्यावी, काय नेऊ नये, आणि मैत्रिणीने प्रेमाने ताईंच्या यजमानांना बाळाचे धर्मपिता, म्हणजे त्याला ख्रिस्ती विश्वासात वाढवण्याचे वचन देणारे पालक, होण्याविषयी विचारले आहे, तर त्यांनी हो म्हणावे का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

ताई, मी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) या प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे ख्रिस्ती समुदायांमध्ये, तेहतीस वर्षे पाळक म्हणून सेवा केली, त्यांतली निम्मी वर्षे नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि उरलेली पुण्यात गेली. या काळात मी तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा दिला, साठी ओलांडलेल्या माणसांनाही दिला, आणि शेजारच्या कॅथलिक धर्मगुरूंच्या आमंत्रणावरून त्यांच्या वेदीजवळही उभा राहिलो. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो. भेट काय द्यावी हे ठरवण्याआधी त्या मंडळीत बाप्तिस्म्याचा अर्थ काय मानतात हे समजून घ्यावे, कारण एका घरात आनंदाने स्वीकारली जाणारी वस्तू दुसऱ्या घरात यजमानांना अवघडून टाकते.

सर्वांत मोठा भेद वयाचा आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन आणि मेथडिस्ट परंपरांमध्ये तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट, ब्रदरन, पेंटेकॉस्टल आणि सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळ्यांमध्ये माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्यावरच, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून, बाप्तिस्मा होतो. बाळ जन्मले की तिथे त्याचे समर्पण करतात, म्हणजे आईवडील त्याला मंडळीपुढे आणतात, प्रार्थना होते आणि आशीर्वाद दिला जातो, पण पाण्याचा विधी होत नाही. मुक्तिफौजेत तर पाण्याचा बाप्तिस्माच नाही. तिथे बाळाचे समर्पण फौजेच्या ध्वजाखाली होते. नगरमध्ये मुक्तिफौजेचे मोठे रुग्णालय असल्यामुळे त्या भागातल्या लोकांना हे ठाऊक असते, पण इतरत्र पुष्कळ जण समर्पणाच्या समारंभाला ‘बाप्तिस्म्याच्या शुभेच्छा’ असे लिहिलेले कार्ड घेऊन येतात आणि आईवडिलांना ते वाचून काय उत्तर द्यावे कळत नाही. म्हणून आमंत्रणपत्रिकेवर कोणता शब्द छापला आहे तो नीट वाचावा आणि तोच शब्द कार्डावर लिहावा.

आमच्या सी.एन.आय.मध्ये हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन ही मंडळी झाली, त्यांत अँग्लिकनही होते आणि बॅप्टिस्टही. तेव्हा असे ठरले की बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा हे दोन्ही मान्य समजावेत आणि कोणता घ्यायचा ते कुटुंबाने ठरवावे. आपल्या मैत्रिणीचे सासर नगरचे आहे, म्हणून आणखी एक बारकावा सांगतो. नगरमध्ये १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम होते आणि पुढे त्याच परिसरात अँग्लिकन मिशनही आले. अमेरिकन मिशनच्या परंपरेत आईवडील स्वतःच बाळासाठी वचन देत आणि सगळी मंडळी त्याला साक्षी असे, त्यामुळे धर्ममातापित्यांना वेगळे स्थान नव्हते. अँग्लिकन परंपरेत मात्र १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे मुलाला दोन धर्मपिते आणि एक धर्ममाता, तर मुलीला एक धर्मपिता आणि दोन धर्ममाता असत. आज दोन्ही एकाच मंडळीचे सभासद असले तरी घराघरांतल्या चालीरीतींत हा फरक अजून दिसतो. एखाद्या घरात आजीला धर्ममाता कोण याची उत्सुकता असते, तर शेजारच्या घरात तो प्रश्नच निघत नाही.

आता आपल्या मैत्रिणीच्या बाळाकडे वळू. कॅथलिक व्यक्ती दुसऱ्या ख्रिस्ती पंथात लग्न करते तेव्हा मुलांचा स्नानसंस्कार कॅथलिक चर्चमध्ये व्हावा म्हणून आपण आपल्या परीने सर्व प्रयत्न करू असे वचन तिला द्यावे लागते. त्यामुळे हा समारंभ बहुधा कॅथलिक चर्चमध्येच असेल. वसईकडे आपल्याला बाप्तिस्मा या शब्दाबरोबर स्नानसंस्कार हा शब्दही ऐकू येईल. विधी साधारण असा असतो. दाराशी बाळाचे स्वागत करून धर्मगुरू आईवडिलांना बाळाचे नाव विचारतात, बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात, शास्त्रवाचन होते, बाळाच्या छातीवर तेल लावतात, आईवडील आणि धर्ममातापिता वाइटाचा त्याग करतात आणि विश्वास कबूल करतात. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात. त्यानंतर टाळूवर पवित्र तेलाचा अभ्यंग होतो, शुभ्र वस्त्र घालतात आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवतात.

हा क्रम मी मुद्दाम सविस्तर सांगितला, कारण शुभ्र वस्त्र आणि मेणबत्ती या दोन वस्तू विधीचाच भाग आहेत आणि त्या आणण्याचा मान बहुतेक ठिकाणी धर्ममातापित्यांचा असतो. पाहुण्याने न विचारता पांढरा झगा किंवा सजवलेली मेणबत्ती नेली, तर धर्ममातेने महिनाभर आधी शिवून घेतलेल्या झग्याशी ती स्पर्धा ठरते. एकदा मी पाहिले की बाळासाठी तीन पांढरे झगे आले होते आणि कोणता घालावा यावरून चर्चच्या दारात दोन आत्यांचे डोळे पाणावले. त्यांतल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. आधी एक फोन केला असता तर ते टळले असते. म्हणून आपण मैत्रिणीला सरळ विचारावे, की झगा आणि मेणबत्ती कोण आणणार आहे.

पाहुणे म्हणून नेण्यासाठी मला विचाराल तर चांदीची वाटी आणि चमचा उत्तम. बारशाला नेतो तीच ही वस्तू, आणि योगायोगाने ख्रिस्ती जगातही तिला मोठी परंपरा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये धर्मपिता बाळाला चांदीचे चमचे देत. त्यांच्या दांड्याच्या टोकाला प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांच्या, छोट्या मूर्ती असत. ज्याची ऐपत असे तो बारा प्रेषित आणि येशू मिळून तेरा चमच्यांचा संच देई, आणि ज्याची नसे तो एकच चमचा देई, बहुधा बाळाच्या नावाच्या संताचा. म्हणजे आपली वाटी-चमच्याची भेट तिथे परकी वाटणार नाही. चमच्यावर बाळाचे नाव आणि संस्काराची तारीख कोरून घेता आली तर फारच चांगले. मात्र नाव कोरण्याआधी त्याचे स्पेलिंग आणि देवनागरी रूप दोन्ही आईकडून लिहून घ्यावे. कॅथलिक नियमांप्रमाणे नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसले की पुरे, ते संताचेच असले पाहिजे असे नाही, आणि त्यामुळे चर्चच्या नोंदवहीतले नाव आणि घरात हाक मारायचे नाव वेगळे असण्याची शक्यता असते.

क्रूस किंवा बायबल द्यायचे मनात असेल तर थोडे जपून. कॅथलिक घरात क्रुसावर ख्रिस्ताची आकृती असते, तर बहुतेक प्रोटेस्टंट घरांत क्रूस रिकामा असतो. जपमाळ आणि संतांची पदके कॅथलिकांना प्रिय आहेत, पण नगरच्या आजोबांना ती आपली वाटणार नाहीत. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६, त्यामुळे दुकानातून कोणतेही एक उचलून आणले तर ते घरच्यांच्या उपयोगाचे असेलच असे नाही. अशा मिश्र कुटुंबात मी नेहमी सुचवतो की दोन्हीकडच्या आजीआजोबांना सारखेच आपले वाटेल असे काही द्यावे. लहान मुलांसाठीच्या बायबलकथांचे मराठी पुस्तक हा त्यांतला चांगला पर्याय. ते आई वाचून दाखवील आणि नगरची आजीही वाचून दाखवील. ज्या घरात संस्कार कुठे व्हावा यावरून थोडेफार दुखलेले असते, तिथे अशा भेटीचे मोल दुकानातल्या किमतीने ठरत नाही.

काही गोष्टी टाळाव्यात. दृष्ट लागू नये म्हणून आपण बाळाला काळ्या मण्यांची मनगटी देतो. ख्रिस्ती आज्याही पुष्कळदा गुपचूप तीट लावतात हे मला ठाऊक आहे आणि मी त्यांना कधी रागावलो नाही. पण बाप्तिस्म्याच्या विधीत आईवडील ज्या वाइटाचा त्याग करतात, त्याच्या भीतीवरचा उतारा त्याच दिवशी भेट म्हणून देणे योग्य नाही. देवदेवतांच्या प्रतिमा असलेले चांदीचे नाणेही नेऊ नये. बाळाला कुंकू लावून ओवाळण्याची इच्छा झाली तर आधी विचारावे. पाकिटात पैसे द्यायचे असतील तर खुशाल द्यावेत, आणि वर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले असले तरी मराठी ख्रिस्ती घरांत त्याचे कोणाला काही वाटत नाही. पाकीट मात्र आईवडिलांच्या हाती द्यावे. धर्मगुरूंना देण्याचा प्रश्न पाहुण्यांचा नव्हेच. कॅथलिक नियमानुसार ठरलेल्या अर्पणापलीकडे धर्मगुरूंनी काही मागू नये आणि गरिबीमुळे कोणी संस्कारापासून वंचित राहू नये. आमच्याकडे कुटुंब उपकारस्तुतीचे अर्पण देते, तेही स्वेच्छेने.

सोन्याबद्दल मला थोडे मनापासून सांगायचे आहे. धर्मपित्याने गळ्यातली साखळी दिलीच पाहिजे अशी अपेक्षा काही घरांत इतकी पक्की झाली आहे की एका खेड्यात मला एक गृहस्थ रात्री भेटायला आले आणि म्हणाले, ‘पाळकसाहेब, मला धर्मपिता व्हायचे आहे, पण सोने परवडत नाही, तुम्हीच माझे नाव काढून टाका.’ ते त्या मंडळीतले सर्वांत प्रार्थनाशील गृहस्थ होते. मी त्यांचे नाव काढले नाही. रविवारी त्यांनी बाळाला स्वतःच्या वडिलांचे जुने गीतांचे पुस्तक दिले, त्याच्या पहिल्या पानावर तारीख लिहिली, आणि तो मुलगा दृढीकरणाला, म्हणजे मोठेपणी आपला विश्वास स्वतः पक्का करण्याच्या विधीला, उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात तेच पुस्तक होते. साखळी देणाऱ्यांचा मी अनादर करत नाही, पण ती देणे शक्य नाही म्हणून चांगला माणूस मागे सरत असेल तर त्या घराने आपल्या अपेक्षेचा पुन्हा विचार करावा असे मी आईवडिलांना स्पष्ट सांगत आलो आहे.

काही मंडळ्यांत तर दागिना नेणे हीच चूक ठरते. ॲडव्हेंटिस्टांमध्ये दागिने न घालण्याची जुनी परंपरा आहे, आणि केरळातून आलेल्या पुष्कळ पेंटेकॉस्टल व ब्रदरन कुटुंबांतही सोने अंगावर घालत नाहीत. त्यांच्याकडे समर्पणाला किंवा मोठ्यांच्या बाप्तिस्म्याला जायचे झाले तर पुस्तक, कपडे किंवा बाळाच्या नावाने बँकेतली छोटी ठेव बरी.

आपल्या शेजाऱ्यांकडे मात्र चित्र वेगळे असेल. मल्याळममध्ये बाप्तिस्म्याला ‘मामोदीसा’ म्हणतात. हा शब्द सिरियाक भाषेतून आला आहे, कारण त्यांची उपासनाच त्या परंपरेतली आहे. ऑर्थोडॉक्स मंडळीत बाळाला बाप्तिस्मा, पवित्र मूरोन तेलाचा अभ्यंग आणि पवित्र भोजन (येशूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस) हे तिन्ही एकाच वेळी मिळतात. कॅथलिक आणि अँग्लिकन मुले प्रथम भोजनासाठी किंवा दृढीकरणासाठी काही वर्षे थांबतात, तसे इथे थांबायचे नसते. विधी लांब असतो, तास-दीड तास सहज जातो, बाळाला कपडे काढून पाण्यात बसवतात आणि नंतर अंगभर तेल लावतात. त्यामुळे मऊ सुती पंचे, टॉवेल, सैल सुती कपडे हे तिथे खरोखर लागतात. गळ्यातला क्रूस आणि साखळी धर्ममातापित्यांकडून येण्याची चाल केरळी कुटुंबांत आहे, म्हणून ती आपण नेऊ नये. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पादत्राणे बाहेर काढतात आणि स्त्रिया डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. आपल्याला देवळाची सवय असल्याने यात अवघड काही नाही.

ज्या ख्रिस्ती समाजांत धर्मपिता असतो, तिथे तो शब्द जबाबदारीचा आहे, पण भेटीची जबाबदारी देशोदेशी वेगळी दिसते. ग्रीसमध्ये बाळाचे नवे कपडे, क्रूस, मेणबत्ती आणि तेल हे सगळे धर्मपित्याने आणायचे असते, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या छातीवर एक छोटा क्रूस टाचतात, म्हणजे तिथे पाहुणाच भेट घेऊन परततो. मेक्सिकोमध्ये धर्मपिता चर्चबाहेर मुलांच्या घोळक्यात नाणी उधळतो. गोव्यात धर्मपिता-धर्ममातेला पादीन आणि मादीन म्हणतात, हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, आणि मुलाच्या लग्नापर्यंत त्यांचा मान टिकतो. आपल्या मुलांच्या मामाला जो मान असतो, त्याच्या जवळ जाणारे हे नाते आहे.

आता आपल्या यजमानांचा प्रश्न. मैत्रिणीने त्यांना विचारले यात मोठे प्रेम आहे, पण कॅथलिक चर्चमध्ये ते धर्मपिता होऊ शकणार नाहीत. धर्मपित्याचे वय सोळा वर्षे पूर्ण असावे, तो कॅथलिक असावा, त्याचे दृढीकरण झालेले असावे, आणि तो बाळाचा आई किंवा वडील नसावा असा नियम आहे. एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता पुरते, दोघेही असले तरी चालते. दुसऱ्या पंथातला बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती मनुष्य कॅथलिक धर्ममातापित्याबरोबर साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, आणि ही गोष्ट मैत्रिणीच्या नगरच्या दिरांना किंवा सासऱ्यांना सांगण्यासारखी आहे, कारण अशा समारंभात प्रोटेस्टंट सासरच्यांना आपण बाजूला पडलो असे वाटू नये. अँग्लिकन परंपरेतही धर्मपित्याचा बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. यामागे आपल्या यजमानांविषयी अविश्वास मुळीच नाही. धर्मपिता बाळाच्या वतीने ख्रिस्तावरचा विश्वास मोठ्याने कबूल करतो आणि त्यात त्याला वाढवण्याचे वचन देतो. ज्याचा तो विश्वास नाही अशा प्रामाणिक माणसाकडून ते शब्द वदवून घेणे त्याच्यावरच अन्याय आहे. त्यांनी मैत्रिणीला आभार मानून हेच सांगावे, आणि काका म्हणून जे नाते आहे ते आयुष्यभर निभावू असेही सांगावे.

मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्याबद्दल आपण विचारले नाही, तरी पुढे कधी आमंत्रण आले तर उपयोगी पडावे म्हणून लिहितो. महाराष्ट्रात या प्रकारच्या बाप्तिस्म्याचा इतिहास भेटवस्तूंचा नसून तुटलेल्या नात्यांचा आहे. पंडिता रमाबाईंनी आपल्या मुलीसह २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि इकडे मोठे वादळ उठले. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या संसारात वर्षानुवर्षांचा दुरावा आला. आजही जो मनुष्य एकटा येऊन पाण्यात उतरतो, त्याच्या मागे घरात कोणीतरी रडत असते. मी पाण्यातून वर आलेल्या अशा एका तरुणाला पाहिले आहे, ज्याच्या बाजूचे कोणीही आले नव्हते, आणि मंडळीतल्या एका वृद्ध बाईंनी पुढे होऊन आपली शाल त्याच्या ओल्या अंगावर घातली. अशा प्रसंगी आपल्यासारखे इतर धर्माचे स्नेही नुसते हजर राहिले आणि नंतर त्याला घरी जेवायला बोलावले, तर त्याला दुसऱ्या कोणत्याही भेटीची उणीव भासत नाही.

रविवारी चर्चमध्ये जाताना थोडे लवकर जावे. पुष्कळ ठिकाणी स्नानसंस्कार मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, नंतर किंवा मिस्सामध्येच असतो. मिस्सा असेल तर पवित्र भोजनाच्या रांगेत जाऊ नये, आपल्या जागी शांत बसून राहावे, त्यात कोणाचा अपमान होत नाही. पाणी ओतताना फोटो काढण्यासाठी पुढे जाऊ नये, त्या क्षणी जागा धर्ममातापित्यांची असते. भेट चर्चमध्ये देऊ नये, नंतर घरी किंवा हॉलमध्ये जेवणाच्या वेळी द्यावी. आणि संस्काराची तारीख आपल्या डायरीत लिहून ठेवावी. वाढदिवसाला सगळेच फोन करतात, पण पुढच्या वर्षी त्या तारखेला आपला फोन गेला, तर आपल्या मैत्रिणीला किती बरे वाटेल ते मी पाळक म्हणून अनेक घरांत पाहिले आहे.